ज्याच्या नावावर पुस्तक

माणूस आणि ज्ञान यांच्यामधलं अंतर इतिहासात तीनदाच संपलं: एकदा लिपीचा शोध लागला तेव्हा, एकदा छपाई आली तेव्हा, आणि तिसऱ्यांदा रविवार दिनांक सोळा नोव्हेंबर दोन हजार छत्तीस रोजी सायंकाळी पाच वाजता, बार्शीच्या लोकोदय वाचनालयात.

असं निमंत्रणपत्रिकेत म्हटलं होतं. त्याच पत्रिकेत 'स्पर्शसूची'मधला 'सू' ऱ्हस्व छापून आला होता. तो साडेतीनशे पत्रिकांवर निळ्या बॉलपेनने दीर्घ करण्याचं काम कुमुदताईंनी केलं, कारण चूक त्यांच्याच लक्षात आली होती आणि लोकोदयमध्ये चूक ज्याच्या लक्षात येते त्याचीच ती असते.

कुमुद वाघचौरे यांना वाचनालयात नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. ती त्यांना यजमान वारल्यामुळे मिळाली. यजमान म्हणजे विश्राम वाघचौरे. हायस्कुलात भूगोल शिकवायचे, पण गावात नाव होतं ते वाचनासाठी. बत्तीस वर्षांत त्यांच्या कार्डावर, म्हणजे सदस्य क्रमांक ४१२ वर, एक हजार नऊशे चौदा पुस्तकं गेली होती. इतकी कुणाचीच गेली नव्हती. शिवाय सरांनी एकदा नेलेलं पुस्तक चुकूनही पुन्हा नेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या स्मरणशक्तीच्या दंतकथा होत्या. शोकसभेत अध्यक्ष ॲडव्होकेट चंद्रहास बुरगुटे म्हणाले होते, की एवढ्या मोठ्या वाचकाच्या पत्नीला पुस्तकांची थोडीफार ओळख असणारच, तेव्हा वहिनींना काउंटरवर घ्यावं. थोडीफार ओळख असलेल्या कुमुदताई मग काउंटरवर बसल्या. कर्मचाऱ्याला पुस्तक घरी नेता येत नाही असा नियम असल्यामुळे त्या दुपारी गर्दी नसताना तिथेच बसून वाचायच्या. त्यांना कार्ड नव्हतं.

आता त्यांच्याकडे नवं काम आलं होतं. रविवारी स्पर्शसूची सभासदांना समजावून सांगायची, आणि पहिला शोध करून दाखवायचा. पहिला शोध कुणाचा, हेही ठरलं होतं. सरांच्या नावाने 'आदर्श वाचक' पुरस्कार त्याच दिवशी सुरू होणार होता.

जुन्या सूचीत तीन चौकटी होत्या: पुस्तक, लेखक, विषय. त्यात काही शोधायचं तर आपल्याला काय हवंय ते आधी माहीत असावं लागे, आणि लोकोदयच्या सभासदांची खरी अडचण तीच होती. ते काउंटरवर येऊन म्हणत, "मागच्या खेपेसारखं द्या काहीतरी." नव्या पडद्यावर एकच चौकट होती. तिच्यावर लिहिलं होतं: कुणासारखं वाचायचंय? तिथे गावातल्या कुठल्याही सभासदाचं नाव टाकलं, की त्याने काय वाचलं, कुठलं पान किती रेंगाळून वाचलं, कुठे सोडून दिलं, सगळं समोर. त्याच्या पाऊलखुणांवरून आपण चालायचं.

हे कसं होतं, ते तांबोळींनी कुमुदताईंना समजावलं होतं. इरफान तांबोळी यंत्र बसवणाऱ्या कंपनीचे अभियंते, पन्नाशीचे, मधुमेही, सोलापुरातून रोज एसटीने यायचे. त्यांचं सांगणं असं: आपण पान उलटतो तेव्हा बोटावरचं तेल कागदात मुरतं. दिसत नाही, पण जातही नाही. प्रत्येकाच्या कातडीतल्या तेलाचं मिश्रण वेगळं, जसं प्रत्येकीच्या घरचं लोणचं वेगळं. हवेने ते तेल ठरावीक वेगाने जुनं होत जातं, म्हणून कुठल्या महिन्यात बोट लागलं तेही काढता येतं. आणि एका विशिष्ट लांबीच्या लहरी कागदातून आरपार जातात, पण दोन पानांमधल्या केसाहून बारीक फटीपाशी थोड्या परततात. त्या परतलेल्या लहरी मोजल्या की पुस्तक न उघडता पान न् पान वेगळं वाचता येतं. पाच महिने यंत्र कपाटांसमोरून सरकत होतं. त्रेचाळीस हजार पुस्तकं झाली होती.

"पण हे तेल अमक्याचं, ते कसं कळतं?" कुमुदताईंनी विचारलं होतं. "मेलेल्या माणसांची बोटं कुठून आणलीत?"

त्याची गरजच नाही, तांबोळी म्हणाले. जुन्या रजिस्टरात कुठल्या क्रमांकावर कुठली पुस्तकं गेली त्याची नोंद आहे. एखाद्या क्रमांकाच्या सगळ्या पुस्तकांत जो ठसा समान सापडतो, तो त्या सभासदाचा. दोन ठसे सापडले तर ज्याची पानं जास्त, तो सभासद. दुसरा अज्ञात.

हा नियम ज्यांनी केला त्यांनी एवढंच धरलं होतं, की ज्याच्या नावावर पुस्तक, तोच ते वाचतो. माणसं हुशार होती. फक्त त्यांच्यापैकी कुणाच्या घरी वाचनालयाचं कार्ड नव्हतं.

या सगळ्याला सभासदांची संमती घेतलेली होती. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे, अशी सूचना फलकावर लावली होती, 'ओल्या छत्र्या आत आणू नयेत' या सूचनेच्या खाली. हरकत आली नाही. छत्र्या मात्र आत येत राहिल्या.

गुरुवारी दुपारी कुमुदताईंनी सराव म्हणून यजमानांचं नाव टाकलं.

पडदा भरून गेला. एकेका पुस्तकासमोर एकेक आडवी पट्टी, वाचलेली पानं हिरवी, रेंगाळलेली गडद. सगळ्या पट्ट्या शेवटपर्यंत हिरव्या. तांबोळी मागून म्हणाले, "मोठा माणूस हो. असं एकही कार्ड बघितलं नाही मी." तारखांचा रकाना तेवढा रिकामा होता. तो रविवारी सकाळपर्यंत भरून होणार होता.

कुमुदताईंनी एका गडद ठिपक्यावर बोट ठेवलं. खाणकामगारांवरची एक भाषांतरित कादंबरी. पान १३२, दहा-बारा मिनिटं. बाजूला बारीक अक्षरात: परका पदार्थ, हळद.

ते पान त्यांना आठवलं. त्या पानावर खाणीत अडकलेला म्हातारा अंधारात बायकोला हाक मारतो, आणि ते वाचताना गॅसवरचं दूध उतू गेलं होतं. सर स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्या घ्यायलासुद्धा येत नसत. त्यांनी दुसरा ठिपका बघितला, तिसरा बघितला. एका आत्मचरित्राचं पान ९०, त्या वेळी धाकटीला गोवर होता. एका प्रवासवर्णनाची शेवटची वीस पानं, दोनदा. सगळी त्यांची होती.

कार्ड सरांच्या नावावर होतं, कारण ते कुटुंबप्रमुखाच्या नावावर असायचं. पुस्तक सर आणायचे. कुमुदताई वाचायच्या. रात्री जेवताना सर विचारायचे, काय आहे गं त्यात, आणि त्या भाकरी थापता थापता सांगायच्या. दुसऱ्या दिवशी ते शिक्षकांच्या खोलीत पोचायचं. यात त्यांना कधी वावगं वाटलं नव्हतं. घरातलं भांडं शेजारी जातं, तसं ते जायचं.

आताही काही वाटलं नाही. काहीतरी वाटेल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या, मग पाणी प्यायल्या. त्यानंतर त्यांनी त्या पट्ट्या पुन्हा वरपासून बघितल्या. बत्तीस वर्षं आपण काय करत होतो ते त्यांना कुणी असं एका ठिकाणी मांडून दाखवलं नव्हतं. दोन मुली मोठ्या केल्या, सासूबाईंचं केलं, त्याची कुठे पट्टी नव्हती. एवढीच एक गोष्ट कुठेतरी नोंदली गेली होती, आणि वर नाव दुसऱ्याचं होतं.

"हे बदलता येईल?" त्यांनी विचारलं.

तांबोळींना समजायला वेळ लागला नाही. त्यांच्या घरी तीन बहिणी होत्या आणि कार्ड वडिलांचं होतं. त्यांनी कुमुदताईंचा अंगठा यंत्रावर घेतला. ठसा जुळला. मग त्यांनी 'अज्ञात' म्हणून बाजूला पडलेला दुसरा ठसा उघडला आणि पुन्हा एकदा पडताळून पाहिला. तो एक हजार नऊशे चौदाही पुस्तकांत होता, पण प्रत्येकात एकाच पानावर. पान ५१. पुढे नाही, मागे नाही.

"हे सर असणार," तांबोळी हळू आवाजात म्हणाले. "दुरुस्ती केली तर त्यांच्या नावासमोर हे येईल, ताई. पुस्तकामागे एक पान. आणि अध्यक्षांची सही लागेल."

अध्यक्ष बुरगुटे शुक्रवारी वाचनालयात आले ते शाल आणि नारळ मोजून घ्यायला. कुमुदताईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी मान हलवत ऐकून घेतलं. बत्तीस वर्षं दिवाणी दावे चालवल्यामुळे कुठल्याही गोष्टीने त्यांना धक्का बसत नसे.

"वहिनी," ते म्हणाले, "सरांनी वाचलं काय, तुम्ही वाचलं काय, पुस्तक एकाच घरात गेलं ना?"

"घरात गेलं. पण वाचलं मी."

"नाही म्हणतोय का मी? पण पुरस्कार छापून झालाय. त्यावर फोटो सरांचा आहे. आणि तुमचं एक बदललं की सहाशे बारा कुटुंबकार्डं बदलायची. भिंतीवर चौदा वाचकांचे फोटो लावलेत, त्यातले किती उतरवायचे?" बोलता बोलता त्यांची नजर त्या भिंतीकडे गेली. तिथे त्यांचाही फोटो होता. "आमच्या हिलाही वाचायची फार आवड," ते म्हणाले, आणि नारळ पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

शनिवारी सकाळी सोनटक्के काकू आल्या. वय ऐंशीच्या पुढे, जीभ शाबूत. त्यांना पडद्यावर स्वतःच्या यजमानांचं नाव टाकून हवं होतं. कुमुदताईंनी टाकलं. स्वर्गवासी सोनटक्के यांनी सातशे तीन पुस्तकं वाचलेली निघाली, त्यातली बरीचशी प्रेमकथांची. काकू इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"अगं, ते गेले तेव्हा त्यांना चष्मासुद्धा नव्हता. पेपरातलं फक्त हवामान बघायचे."

मग तक्रार करा, कुमुदताई म्हणाल्या. दोघींनी केली तर कदाचित ऐकतील.

"कशाला? हयातीत कधी शहाणे दिसले नाहीत. आता दिसतायत तर दिसू देत." काकूंनी डोळे पुसले. "आणि तू कशाला करतेस? तुझा नवरा तरी बरा होता. तुझा ठिपका शोधत बसायचा बिचारा."

ठिपक्याची गोष्ट अशी. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा येऊ नये म्हणून गावातल्या बायका ठरलेल्या पानावर पेन्सिलीची खूण करत. प्रत्येकीचं पान वेगळं. सोनटक्के काकूंचं १०८ होतं, त्यामुळे त्यांनी शंभर पानी पुस्तकं कधी मागितली नाहीत. कुमुदताईंचं ५१, आकड्याखाली एक ठिपका. ही खूण आपल्यापुरती आहे असंच प्रत्येकीला वाटायचं.

"म्हणजे?" कुमुदताईंनी विचारलं.

"म्हणजे काय? कपाटापाशी उभा राहायचा, एकेक पुस्तक काढायचा, पान उघडायचा. ठिपका असला की परत ठेवायचा. नसला की घ्यायचा. एकेका वेळेला वीस-वीस पुस्तकं. आम्ही त्याला एक्कावन्न सर म्हणायचो. तुला सांगितलं नाही कुणी?"

कुणी सांगितलं नव्हतं. कुमुदताईंनी काकूंना त्यांचं पुस्तक दिलं, शिक्का मारला, आणि त्या गेल्यावर पडद्यावर अज्ञात ठसा पुन्हा उघडला. तेलाच्या थरांवरून स्पर्श किती वेळा झाला, तेही यंत्राला सांगता येत होतं. पान ५१ एकूण अकरा हजार चारशे वेळा उघडलं गेलं होतं.

स्मरणशक्ती नव्हतीच तर. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून पान ५१ उघडलं. ठिपका होता. बाकी कोरा कागद. त्यावर बोट ठेवलं, तर बोटाला कागद लागला.

दुपारभर त्यांना त्या हिशेबाखेरीज दुसरं काही सुचलं नाही. वाचन आपल्या नावावर हवं, ही इच्छा गेली नव्हती. उलट आता ती दाताच्या ठणक्यासारखी एका जागी बसली होती. पण नाव मिळालं, की ज्याने अकरा हजार वेळा आपला ठिपका शोधला तो माणूस गावासमोर पुस्तकामागे एक पान वाचणारा ठरणार. ठिपक्याचं कारण सांगितलं तर लोक हसतील, एक्कावन्न सर म्हणतील. आणि काहीच न सांगावं, तर ही सगळी पानं सरांचीच राहतील. शेवटी त्यांनी ठरवलं, की आपण वाचलं एवढंच सांगायचं. पान ५१ बद्दल बोलायचं नाही. ते आपल्यापुरतं.

रविवारी दोनशे खुर्च्या भरल्या. स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, वीज गेली आणि आली. वकीलसाहेब पस्तीस मिनिटं बोलले. त्यात विज्ञान सात वेळा आलं आणि संस्कृती अकरा वेळा. मग कुमुदताई पडद्यापाशी गेल्या. चौकट कुठे, नाव कसं टाकायचं, गडद रंग म्हणजे काय, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, शेजाऱ्याचं नाव टाकलं तर चालेल का. चालेल, त्या म्हणाल्या. सभागृहात एकदम चैतन्य आलं.

त्यांनी 'विश्राम वाघचौरे' टाकलं.

हिरव्या पट्ट्या उतरत गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात शेवटी, सकाळीच भरून झालेला तारखांचा रकाना आला आणि टाळ्या थांबल्या. पडद्यावर ठळक अक्षरांत होतं: पूर्ण वाचलेली पुस्तकं, दोन हजार एकशे सव्वीस. शेवटचं वाचन, सप्टेंबर २०३६.

सर जुलै तेहतीसमध्ये गेले होते. दहाव्याला हजर असलेले निम्मे लोक समोर बसले होते.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी हात जोडले. वकीलसाहेबांनी तांबोळींच्या कानाशी लागून विचारलं, काय भानगड आहे. तांबोळी म्हणाले, तारखेत फार तर दीड महिन्याची चूक होते, तीन वर्षांची नाही. एवढं बोलून ते कुमुदताईंकडे बघत राहिले.

कुमुदताईंनी माइक जवळ घेतला. "हे मी वाचलंय," त्या म्हणाल्या.

माइक चालू आहे ना, ते त्यांनी बोटाने टकटक करून पाहिलं.

"कार्ड त्यांचं होतं. आणायचे ते, निवडायचे ते. वाचायची मी. आधीची सगळी मीच वाचलीत. आणि ते गेल्यावरची दोनशे बारासुद्धा मीच, इथे काउंटरवर बसून."

याहून सोपं मराठीत सांगता आलं नसतं. मग वकीलसाहेबांनी हळुवारपणे माइक त्यांच्या हातातून घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "शरीर गेलं. पण वाचन थांबलं नाही. सर आजही वाचतात. वहिनींच्या डोळ्यांनी वाचतात, वहिनींच्या बोटांनी पान उलटतात. सहजीवन सहजीवन म्हणतात ते हे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. बुरगुटे वहिनी रुमालाने डोळे टिपत होत्या. कुमुदताईंना शाल देण्यात आली, आणि नारळ. सोनटक्के काकू तेवढ्या बसून राहिल्या होत्या. त्यांनी चिवड्याची पुडी उघडली होती. नंतर जिना उतरताना त्या कुमुदताईंच्या कोपराला धरून म्हणाल्या, "बोललीस बाई. आवाज मागपर्यंत आला."

"मग?"

"मग काय? आला म्हटलं."

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी आली. मथळा होता 'मरणोत्तर वाचनाचा शास्त्रीय पुरावा'. पुढचे काही आठवडे पडद्यासमोर रांग असे. लोक व्याह्यांची नावं टाकत, भाडेकरूंची टाकत. गावातल्या पुरुषांचं वाचन एकूण वाचनाच्या त्र्याऐंशी टक्के निघालं, आणि त्याबद्दल लोकोदयचा जिल्ह्यात गौरव झाला. तांबोळी पुढच्या गावी गेले. जाताना त्यांनी दुरुस्तीचा अर्ज कुमुदताईंना स्वतःच्या हाताने भरून दिला.

तो अर्ज कार्यकारिणीपुढे जानेवारीत आला. क्रमांक ४१२ चं वाचन आपल्या नावे करावं, ते जमत नसल्यास ते कार्ड बंद करून आपल्याला नवं द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. चर्चा सहानुभूतीने झाली. पहिल्या मागणीसाठी मूळ सभासदाची सही लागते, ती अर्जावर नव्हती. दुसरीबद्दल नियम स्पष्ट होता: सक्रिय वाचकाचं कार्ड बंद करता येत नाही, आणि एका कुटुंबात दोन कार्डं देता येत नाहीत. यंत्र आता दर महिन्याला कपाटांसमोरून फिरायचं, आणि त्याच्या हिशेबाने विश्राम वाघचौरे यांनी डिसेंबरातही सात पुस्तकं वाचली होती. अर्ज दप्तरी दाखल झाला.

कुमुदताईंनी तो स्वतःच फाइलला लावला. त्या दुपारी त्यांनी एक नवं पुस्तक उघडलं, आणि ते संपवलंही.

मार्चअखेर स्पर्शसूचीने वर्षाचा आदर्श वाचक आपोआप काढला. कै. विश्राम वाघचौरे स्मृती पुरस्कार कै. विश्राम वाघचौरे यांना मिळाला, पुस्तकं शहाऐंशी. पुरस्कारार्थी समारंभाला उपस्थित राहू शकले नाहीत.